कीर्तनगायन (नारदीय)

बोलता बोलता गाण्यात शिरण्याची कीर्तनकाराची शैली. निरूपण गद्यात चाललेले असते. वाक्याचा शेवटचा शब्द पेटीच्या षड्जावर टेकला, की त्याच ओघात साकी, दिंडी किंवा आर्या सुरू होते. कटाव तर निम्मा बोललेलाच : शब्द भराभर, चाल नावापुरती, लय मात्र पक्की. शिकाऊ माणूस अडतो तो नेमका या सांध्यावर. थांबून, घसा खाकरून गायला लागला, की कथा तुटलीच. म्हणून पाठांतराइतकीच मेहनत उच्चारावर घ्यावी लागते. निव्वळ सुरेल गवई इथे पुष्कळदा कमी पडतो.

समर्थ रामदासांच्या दासबोधाच्या चौदाव्या दशकातला चौथा समास कीर्तनलक्षणाचा, पाचवा हरिकथेचा. कीर्तन शिकणाऱ्याने हे दोन्ही वाचावेतच. पूर्वी ही विद्या घरात किंवा गुरूच्या मागे झांजा घेऊन उभे राहत मिळे. वारकरी कीर्तनाची वाट निराळी. त्यासाठी जोगमहाराजांनी १९१७ मध्ये आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली. नारदीय कीर्तनाचे शिक्षण मुंबईत दादरच्या अखिल भारतीय कीर्तन संस्थेत मिळते.