वृक्षवैविध्य आणि कार्बनसाठा

उष्ण कटिबंधातील वनांत किती जातींचे वृक्ष वाढतात आणि ती वने खोड, फांद्या, मुळे व माती यांत किती कार्बन धरून ठेवतात, यांचा परस्परसंबंध. जाती घटल्या की रान हिरवे दिसत असूनही साठा रोडावू शकतो.

कारणे : वाळलेल्या लाकडाचे सुमारे निम्मे वजन कार्बनचे असते, म्हणून सारख्याच आकाराच्या खोडांत जड लाकडाचे खोड अधिक कार्बन साठवते. पांगारा व सावर झपाट्याने वाढतात, पण त्यांचे लाकूड हलके असते. अंजनी, हिरडा, ऐन यांचे लाकूड जड. मिश्र वनात झाडांचे शेंडे व मुळे निरनिराळ्या थरांत पसरल्याने ऊन, पाणी अधिक पुरेपूर वापरले जाते. एका जातीला कीड लागली, तरी इतर जाती तग धरतात.

ऱ्हास : इमारती लाकूड व कोळसा यांसाठी जड लाकडाची झाडे आधी तुटतात. धनेशासारखे फळखाऊ पक्षी कमी झाले की मोठ्या बियांची, बहुधा जड लाकडाची झाडे नव्या जागी सहज रुजत नाहीत. पनामातील बारो कोलोराडो बेटावरील वनाच्या नोंदींवरून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की किती जाती गेल्या याइतकेच कोणत्या गेल्या हेही साठ्यासाठी निर्णायक ठरते.

भोसरी परिसर : भोसरीच्या औद्योगिक वसाहतीजवळून जाणारा पुणे–नाशिक रस्ता चाकणमार्गे खेडला पोचतो, तेथून पश्चिमेस भीमाशंकर अभयारण्य (स्थापना १९८५) आहे. अंजनी, जांभूळ, हिरडा ही तेथील सदाहरित रानाची झाडे. सह्याद्रीच्या या पट्ट्यात राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी, फांद्या तोडल्या जातात. बाळहिरडा (हिरड्याची कोवळी, वाळवलेली फळे) विकून चार पैसे मिळत असल्याने हिरडा मात्र राखला जातो. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानांचा, अभ्यास केला. कुऱ्हाडबंदीमुळे तेथे जुने, जाड बुंध्याचे वृक्ष टिकले आहेत.

पुणे परिसरातील टेकड्यांवर गिरिपुष्प मोठ्या प्रमाणावर लावले गेले. ते लवकर रुजते, गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. पण एकाच जातीची अशी लागवड देवराईची जागा घेऊ शकत नाही. शतकभर वाढलेला वृक्ष तुटला, तर त्याच्या बदली लावलेल्या रोपांना तेवढा कार्बन साठवायला दशके लागतात. म्हणून लागवडीचा हिशेब रोपांच्या संख्येसोबत जाती व जगलेली वर्षे यांतही मांडायला हवा, आणि त्याआधी उरलेल्या देवराया राखायला हव्यात.