इंद्रायणीकाठची जकात

पिंपरी-चिंचवडची नगरपालिका 1970 साली स्थापन झाली आणि 1982 साली तिची महानगरपालिका झाली. तिच्या वैभवाचा मुख्य आधार मात्र हद्दीवर वसूल होणारी जकात हाच होता. चाकणच्या कारखान्यात तयार झालेला सुटा भाग नाशिक रस्त्याने इंद्रायणी ओलांडून मोशीच्या हद्दीत शिरला, की चलन व बिजक दाखवावे, कारकुनाने मालाचा प्रकार आणि किंमत ताडून पाहावी, भरणा करून पावती घ्यावी, आणि तोवर मागे मालमोटारींची रांग वाढत जावी, असा तो नित्यक्रम होता. हा खोळंबा मोठ्या कारखानदारापेक्षा भोसरीच्या लघुउद्योजकाला अधिक जाचक वाटे, हे नमूद करणे मला अगत्याचे वाटते. कारण त्याच्याजवळ हिशेबासाठी स्वतंत्र माणूस नसे.

1 एप्रिल 2013 रोजी नाके उठले आणि स्थानिक संस्था कर आला. रस्ता मोकळा झाला. परंतु नोंदणी, विवरणपत्रे आणि दप्तर तपासणी यांचा भार व्यापाऱ्यांवर पडला, म्हणून राज्यभर त्यांनी दुकाने बंद ठेवून तीव्र विरोध केला. अखेर 1 ऑगस्ट 2015 पासून शासनाने 50 कोटींहून कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना त्यातून मुक्त केले, आणि 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू होताच तो करही संपुष्टात आला. ही सुधारणा योग्यच होती. तथापि जी महानगरपालिका आपल्या हद्दीतील उद्योगांच्या भरभराटीवर स्वतःचा खजिना भरीत असे, ती त्या दिवसापासून शासनाकडून मिळणाऱ्या भरपाईच्या हप्त्यावर अवलंबून राहू लागली.