एकाच नावापुढे सगळी मते

निवडणूक लागली की मेढ्याच्या एसटी स्टँडवर एकच वाक्य ऐकू येते: पैशाशिवाय कोण निवडून येतो? विरोधकांनी म्हणावे, ठीक. आपलेही कार्यकर्ते म्हणू लागले, म्हणून आम्हाला १९३७ काढावे लागते.

१५ ऑगस्ट १९३६ रोजी बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि सहा महिन्यांत निवडणूक आली. मताधिकारही सर्वांना नव्हता. जमीन, कर, शिक्षण यांच्या अटी होत्या. समोर काँग्रेस आणि तिच्यामागे शेठजींच्या थैल्या. खुद्द बाबासाहेबांपुढे उभे केले क्रिकेटवीर बाळू पालवणकर. तरी मुंबई इलाख्यातल्या १५ राखीव जागांपैकी ११ आपल्या पक्षाने जिंकल्या. आपल्या उत्तर साताऱ्यातून खंडेराव सावंत गेले.

हे जमले कसे? तेव्हा इलाख्यात मतदारसंघात जितक्या जागा तितकी मते प्रत्येकाला मिळत आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देता येत. पुणे कराराने संयुक्त मतदारसंघ लादल्यावर दलितांच्या हाती उरलेली ही मोठी वाट. पण मते वाटायची नाहीत, सगळी एकाच नावापुढे टाकायची, हे अक्षरओळख नसलेल्या माणसाला पत्रकाने कळत नाही. त्याच्या ओट्यावर जाऊन बसावे लागते. या कामाला थैली लागत नाही, पाय लागतात.

१९५२ ला नियम बदललेला होता. एका उमेदवाराला एकच मत. उत्तर मुंबईत बाबासाहेब नारायण काजरोळकरांकडून सुमारे १४ हजार मतांनी हरले आणि ७४ हजारांवर मते बाद ठरली. मते कुजवण्याचा प्रचार केल्याचा आरोप डांग्यांवर झाला, बाबासाहेब आणि अशोक मेहता निवडणूक याचिकेत गेले. तेव्हा पराभवाचे खापर नुसते पैशावर फोडणारे अर्धाच इतिहास सांगतात.

पैसा नाही असे आम्ही म्हणत नाही. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख, पण पक्षाने स्वतःच्या प्रचारावर उडवलेला पैसा त्यात धरलाच जात नाही. (मर्यादा कोणासाठी, ते ओळखा.) जावळीची निम्मी तरणी माणसे मुंबईत. मतदाराला केंद्रावर फुकट वाहनाने नेणे कलम १२३(५) प्रमाणे भ्रष्ट आचार, तरी मतदानाच्या आदल्या रात्री घाटातून गाड्या चढतात. त्या गाड्या पाठवणाऱ्याकडे कोणत्या वाडीतला कोण मुंबईत कुठे राहतो, याची यादी असते. आपल्या बौद्धवाड्यांची तशी यादी कोणाकडे आहे?