कॉलेजचं जेवणघर: इतिहासाचा दुर्लक्षित पुरावा

बेंबळीसारख्या गावातून कुणी शिकायला बाहेर पडलं की घरचे आधी विचारतात, "जेवायची सोय काय?" इतिहास लिहिताना मात्र आपण कॉलेजचे संस्थापक, वर्ग आणि ग्रंथालय बघतो. जेवणघर राहूनच जातं.

कोल्हापूरचं उदाहरण घ्या. १८९६ साली शाहू महाराजांनी राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींना खुलं वसतिगृह काढलं. कागदावर दार उघडं होतं. पण कारभार ब्राह्मणांच्या हाती राहिला आणि इतर जातींची मुलं तिथे टिकली नाहीत. मग १९०१ पासून महाराजांनी वेगवेगळ्या समाजांसाठी बोर्डिंगं उभी करायला मदत केली: मराठा, जैन, पुढे मुस्लिम, आणि अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. मुलं शिकू लागली, पण पंगती वेगळ्याच राहिल्या.

जैन बोर्डिंगमध्ये राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढची पायरी गाठली. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकच बोर्डिंग सुरू केलं. स्वयंपाक एक, पंगत एक. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते या बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव मिळालं.

आता संशोधनाचा मुद्दा. 'सर्वांसाठी खुलं' हे वाक्य नियमावलीत सापडलं म्हणून थांबू नका. स्वयंपाक कोण करत होतं? पाणी कोण वाढत होतं? शेजारी कोण बसत होतं? याची उत्तरं किराणा-हिशोब, मेसचं रजिस्टर, माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी आणि इमारतीचा नकाशा यांत शोधावी लागतात.

आज अनेक जुन्या कॉलेजांत मेस वाढवतात, फरशी बदलतात, चुलीच्या जागी गॅस, पाटांच्या जागी टेबलं येतात. हे व्हायलाच हवं. धुरात आणि गर्दीत मुलांनी का जेवावं? पण भिंत पाडण्याआधी मोजमाप घ्या, फोटो काढा. दारं किती होती, पाण्याची जागा कुठे होती, भांडी कुठे घासली जात, हे टिपून ठेवा. जुन्या स्वयंपाक्यांशी बोला. रजिस्टरं रद्दीत जाण्याआधी स्कॅन करा.

आणि नव्या हॉललाही तोच जुना प्रश्न विचारा: जागा वाढली, पण महिन्याची खानावळ न परवडणाऱ्या मुलाला तिथे ताट मिळतं का?