लुगड्याच्या चार घड्या

इतिहासाचा विषय निघाला की आम्हां महाडकरांचे बोट आपोआप रायगडाकडे वळते, आणि पोलादपूरकर उमरठच्या तानाजी मालुसऱ्यांचे नाव घेतो. ते योग्यच आहे. परंतु आज मी जिच्याविषयी बोलणार आहे तिची नोंद कोणत्याही बखरीत सापडावयाची नाही. ती आपल्या अंथरुणातच आहे. माझा विषय आहे गोधडी.

उभा जन्म मुलांना गणित शिकविण्यात गेला, म्हणून आरंभ हिशेबाने करतो. लुगडे ९ वारांचे, म्हणजे २७ फुटांचे. त्याच्या चार समान घड्या घातल्या की लांबी पावणेसात फूट होते, आणि पन्हा असतो सुमारे चार फूट. म्हणजे एक जुने लुगडे दुमडले की कोठेही कात्री न लावता एका माणसाचे अंथरूण सिद्ध होते! आपला 'चौघडी' हा शब्द अशा चार घड्यांचाच. पुढे सहावारी पातळ आले. १८ फुटांच्या सहा-सहा फुटी तीनच घड्या होतात. चौथा पदर गेला. स्त्रियांच्या पोषाखातील हा पालट मला प्रथम पुस्तकात नव्हे, तर पौषातल्या रात्री पाठीला कळला.

शिवण्याची रीत अशी. सारवलेल्या जमिनीवर घड्या पसरून कोपऱ्यांवर पाट ठेवावयाचे, आणि कडेपासून धावदोरा घालीत फेऱ्याफेऱ्यांनी मध्याकडे सरकावयाचे. बंगालात जुन्या साड्यांची कांथा करतात, तिचाही मूळ टाका हाच. आमच्या घरी आजी आणि आई समोरासमोर बसत. आजीचा टाका तांदळाच्या कणीएवढा, आईचा लांब. कोणी कोठवर शिवले ते डोळे मिटूनही बोटांनी सांगता येई.

वरची रंगीत ठिगळे मात्र मुंबईची. मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली, आणि पुढे आमच्या भागातील किती घरांचे कर्ते पुरुष गिरणगावात गेले! माझे वडीलही त्यांतलेच. शिमग्याला येताना ते कापडाच्या तुकड्यांचे गाठोडे आणीत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमच्याकडे येणारे ते गाठोडे कायमचे थांबले.

तोवर मी मास्तर झालो होतो. पहिल्या पगारातून मी सोलापुरी चादर आणली आणि पाहुण्यांसमोर गोधडी काढू नये, असे आईस सांगितले. बहिणींनी क्रोशाने विणलेल्या रंगीत लोकरी चौकोनांचा पलंगपोस मात्र मी कौतुकाने बैठकीत अंथरला. वस्तुतः दोहोंची विद्या एकच, उरलेसुरले जोडण्याची. पण एक शाळेत शिकलेली आणि दुसरी घरात, एवढ्यावरून मी त्यांची प्रतवारी लावली. आईने वाद घातला नाही. गोधड्या पेटीत गेल्या, आणि पुढची जुनी लुगडी बोहारणीच्या टोपलीत.

२२ जुलै २०२१ च्या रात्री महाडात पुराचे पाणी शिरले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून माणसे गाडली गेली. त्यापुढे आमची हानी ती काय! पेटीतली एकच गोधडी हाती लागली. चिखलाने ती इतकी जड झाली होती की दोघांना उचलवेना. वाळेना, म्हणून अखेरीस टाके उसविले. वर वडिलांनी आणलेल्या तुकड्यांची ठिगळे, त्यांखाली आईचे सहावारी पातळ, आणि सर्वांत आत, जिला आम्ही इतकी वर्षे नुसता भराव समजत होतो, ती दुसरीच एक गोधडी! तिच्यावर तांदळाच्या कणीएवढे टाके होते. जीर्ण गोधडी टाकून न देता नवीच्या पोटात घालण्याची चाल मला ऐकून ठाऊक होती. आपण चाळीस वर्षे आजीचे लुगडे पेटीत कोंडून ठेवले होते, हे मात्र ठाऊक नव्हते.

त्या हिवाळ्यात माझ्या पत्नीने ती पुन्हा शिवली. आजीच्या लुगड्याचा बराच भाग कुजला होता. जेवढा धड निघाला तेवढा तिने मध्ये ठेवला. पातळाचे तीनच पदर भरत होते. चौथा पदर म्हणून तिने, मला न विचारता, माझी ती सोलापुरी चादर आत घातली.