नाका, झडती आणि काडतूस

कोलाडहून एसटीत बसलात तर नागोठणे, वडखळ करत पेणला पोचेपर्यंत 'नाका' हा शब्द कानावर पडतच राहतो. कोलाड नाका, वडखळ नाका. या नाक्यांवर आज कोणी कोणाला अडवत नाही. तिथे रिक्षा मिळते, वडापाव मिळतो, पेणचे पोह्याचे पापड मिळतात. 'नाक्यावर उभा आहे' म्हणजे रिकामटेकडा आहे, इतकाच काय तो अर्थ उरला.

मूळ अर्थ मात्र अडवण्याचाच. हिंदीत सुईच्या नेढ्यालाही नाका म्हणतात. अरुंद तोंड, जिथून जाणाऱ्याला दुसरी वाट नाही, अशी जागा. घाटाच्या तोंडाशी, खाडीच्या धक्क्यावर माणूस बसवला की झाला नाका. तो माणूस बसायचा कशासाठी? जकातीसाठी. जकात हा अरबी शब्द. मूळ अर्थ शुद्धीचा, धर्माने सांगितलेल्या दानाचा. मराठीत येईपर्यंत त्यातले दान गळाले आणि वसुली तेवढी राहिली. म्हणजे नाका जन्मला तो थांबवायला नव्हे, पैसे घेऊन सोडायला. हे लक्षात ठेवलेले बरे, पुढे उपयोगी पडेल.

रोह्याची कुंडलिका रेवदंड्याला समुद्राला मिळते. त्या मुखाशी उत्तरेला रेवदंड्याचा कोट, दक्षिणेला कोर्लईचा किल्ला, आणि १७४० पर्यंत दोन्हीकडे पोर्तुगीज. समुद्रात फिरणाऱ्या देशी जहाजांना त्यांचा परवाना घ्यावा लागे. त्याचे नाव कार्ताझ. जहाजाने काय न्यायचे नाही हे त्यावर लिहिलेले असे, आणि त्या यादीत मसाल्यांच्या बरोबरीने हत्यारेही होती. शस्त्रांची चोरटी ने-आण रोखण्याचा या किनाऱ्यावरचा हा एक जुना लेखी बंदोबस्त म्हणायला हरकत नाही. अर्थात कार्ताझ घेणाऱ्याने पोर्तुगीज ठाण्यावर येऊन जकात भरायची, ही अट त्यात होतीच. पुढे कान्होजी आंग्र्यांनी आपले दस्तक, म्हणजे परवाने, सुरू केले. ते नसेल तर जहाज धरले जाई. फारसीत 'दस्त' म्हणजे हात. इंग्रजांनी आंग्र्यांना चाचे ठरवले. दस्तक कोणाचे खरे, एवढाच भांडणाचा मुद्दा होता.

आता गंमत बघा. कार्ताझ हा पोर्तुगीजांनी अरबी 'किर्तास'वरून घेतलेला शब्द, आणि किर्तास आला ग्रीक 'खार्तेस'वरून. अर्थ कागद. आपले काडतूस आले पोर्तुगीज 'कार्तूशु'वरून, म्हणजे कागदाची सुरळी. तिचेही मूळ त्याच खार्तेसपाशी पोचते. पूर्वी दारू आणि गोळी कागदात गुंडाळून बंदुकीत भरत, म्हणून हे नाव. हत्यार नेऊ नका सांगणारा कागद आणि हत्यारात भरायचा कागद, दोघे सख्खे चुलतभाऊ. (दारू फारसीतून आली तेव्हा तिचा अर्थ औषध होता. तिचे पुढे काय काय झाले, ते वेगळे सांगायला नको.)

'तस्कर' त्या मानाने आपला, अगदी वेदांपासूनचा. यास्काने निरुक्तात त्याची फोड केली आहे: 'ते' करणारा. ते म्हणजे कोणते? पापाचे. नाव घेण्याची लाज वाटावी असे काम, म्हणून नुसते 'ते'. वैयाकरणांनी तर कमाल केली. 'तस्कर' आणि 'बृहस्पति' हे दोन शब्द त्यांनी एकाच नियमात बसवले, चोर आणि देवता शेजारी शेजारी. दोन्हीकडे 'त' जातो आणि 'स' येतो. रुद्र म्हणणाऱ्यांना हे नवे नाही, तिथे तस्करांच्या अधिपतीलाही नमस्कार आहे. जुन्या मराठीत तस्कर म्हणजे साधा चोर. त्याला 'ई' लागून 'तस्करी' झाली आणि सीमा ओलांडून येणाऱ्या मालाला चिकटली, ती अलीकडे. सोने, चांदी, घड्याळे हा तिचा नेहमीचा माल. आपल्या किनाऱ्यावर बोलताना मात्र तस्करी कोणी म्हणत नसे. शब्द होता 'लँडिंग'. रात्री माल उतरवून घेणारा तो लँडिंग एजंट. इंग्रजी शब्द वापरला की काम जरा सभ्य वाटते.

१९९३ साली हा शब्द न्यायालयाच्या कागदांत गेला. जानेवारीत दिघीला, फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला माल उतरला. या खेपांत नुसती चांदी नव्हे, एके-५६ रायफली, हातबॉम्ब आणि आरडीएक्स आले. दिघीहून निघालेल्या गाड्या गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवल्या. म्हणजे पकडणे झाले होते! नंतर घासाघीस झाली, रक्कम ठरली आणि गाड्या सुटल्या. मराठीत 'फाटा देणे' हा वाक्प्रचार आहे. तिथे कायद्याला तो अक्षरशः दिला गेला. जानेवारीच्या अखेरीस कस्टमच्या वरिष्ठांकडून लेखी सूचनाही आली होती, की स्वयंचलित हत्यारे उतरण्याचा संभव आहे. १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले, २५७ माणसे गेली. टाडा न्यायालयाने ज्यांना दोषी ठरवले त्यांत कस्टमचे अधिकारी होते आणि पोलीसही.

चांदी समजून सोडले, असा बचाव तेव्हापासून ऐकू येतो. मला तो पटत नाही, पण भाषेच्या अंगाने समजतो. नाक्यावरच्या माणसाने शतकानुशतके मालाची किंमत पाहिली, माल पाहिलाच नाही. चांदीचा दर माहीत असला की खोके उघडायची गरज काय?

खोके उघडण्याला आपल्याकडे चांगला शब्द आहे: झडती. झाडणे, झटकणे यांच्या घरातला. झाड हलवले की पिकलेले पडते, अंगरखा झटकला की दडवलेले पडते. जुन्या दप्तरांत हिशेबाचाही 'झाडा' घेत, त्यातूनच झाडाझडती. म्हणजे हा शब्द माणसाला आणि वहीला सारखाच लागू. नाका आणि झडती यांची सांगड घालायची तर नाक्यावरच्या शिपायाचाही झाडा कोणीतरी घ्यायला हवा. स्फोटांनंतर किनाऱ्यावर नौदल, तटरक्षक दल आणि कस्टम यांची एकत्रित गस्त सुरू झाली. २००८च्या मुंबई हल्ल्यानंतर सागरी पोलीस ठाण्यांवर भर आला. पेण तालुक्यातही एक आहे, दादर सागरी पोलीस ठाणे. मुंबईकराला हे नाव ऐकून गोंधळायला होते. पेणचे दादर खाडीकाठी आहे.

१८ ऑगस्ट २०२२ला हरिहरेश्वरजवळ 'लेडी हान' नावाची एक नौका लागली. आत माणूस नाही. तीन एके-४७ रायफली आणि काडतुसे. ऐन गणपतीच्या तोंडावर जिल्ह्यात नाकाबंदी झाली, आणि हमरस्त्यावरच्या नाक्यांना त्यांचा जुना अर्थ काही दिवसांपुरता परत मिळाला. गाड्यांच्या डिक्या उघडल्या गेल्या. चौकशीत निघाले ते असे की नौका मस्कतहून युरोपला निघाली होती, जूनमध्ये इंजिन बिघडले, खलाशांना दुसऱ्या जहाजाने वाचवले आणि ती वाहत इकडे आली. घातपात नव्हता. पण दोन महिने वाहत आलेली नौका किनाऱ्याला लागेपर्यंत कोणाच्या ध्यानात कशी आली नाही, हा प्रश्न उरलाच.

समुद्रात असली नौका आधी दिसते ती मच्छीमाराला. म्हणून किनाऱ्यावरच्या गावांतल्या तरुणांना जोडून पोलिसांनी सागर रक्षक दले केली, किनाऱ्यासाठी १०९३ हा फोन नंबर दिला. इथेही शब्द नीट निवडावा लागला. अरबीतून आलेली 'खबर' मराठीत निरुपद्रवी आहे, पण ती देणारा 'खबऱ्या' झाला की त्याला गावात पाणीही कोणी विचारत नाही. कोळीवाड्यातला पोरगा खबऱ्या व्हायला तयार होणार नाही. छातीवर 'सागर रक्षक' लिहिलेले जाकीट मात्र तो घालतो.