खटक्यातला दिवा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. धुळ्याहून ओझरला घरी येत होतो. रात्रीचे साडेनऊ, राहुड घाट आणि पाऊस असा की वायपरनेही हात टेकले होते. त्यात समोरची काच आतून धुरकट व्हायला लागली. उपाय सोपा आहे, एसी लावायचा, हवा कोरडी होते, काच साफ. पण एसीचं बटण कुठलं? डॅशबोर्डवर एकाला एक चिकटून चार सारखीच बटणं, आणि एसीच्या बटणातला दिवा गेलेला. मी खाली वाकून बघितलं, चाचपडलं, भलतंच बटण दाबलं. पुन्हा बघितलं. मान वर केली तेव्हा समोर ट्रकचा मागचा भाग होता. अगदी समोर.

ब्रेक लागला. काही झालं नाही. पण घरी आल्यावर गणित केलं. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. मी तीन सेकंद खाली बघत असेन तर तेवढ्यात ३३ मीटर गाडी आपोआप चालली होती, म्हणजे चालवणारं कुणी नव्हतंच.

आणि यातली खरी लाज वाटणारी गोष्ट म्हणजे, तो दिवा गेलाय हे मला दोन वर्षांपासून माहीत होतं. "एवढंसं काय ते" म्हणून सोडून दिलं होतं. ऑफिसमध्ये आपण अशा गोष्टीला लो प्रायॉरिटी म्हणतो आणि बॅकलॉगमध्ये ढकलतो. तसंच.

गाडी बाबांची, १९९८ सालची, म्हणजे जवळपास माझ्याच वयाची. बाबा मिगमधून रिटायर झालेत. (ओझरच्या बाहेरच्या लोकांसाठी: आमच्याकडे एचएएलला कुणी एचएएल म्हणत नाही. "मिगमध्ये आहेत" म्हटलं की पुरतं. गावालाही ओझर मिगच म्हणतात.) त्यांना घाटातला किस्सा सांगितला. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "किती दिवे गेलेत?" म्हटलं, एक. तर म्हणाले, "मग शनिवारी चारही बदलू."

एक गेलाय तर चार का? त्याचं उत्तर मिळायला अख्खा शनिवार गेला. पण त्या निमित्ताने या टिचभर दिव्याचा इतिहास शोधला, आणि तो भलताच रंजक निघाला.

सुरुवातीच्या मोटारींत विजेचे खटके हा प्रकार जवळजवळ नव्हताच. पुढचे दिवे कार्बाइडवर पेटायचे आणि इंजिन हँडल मारून सुरू व्हायचं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगने विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र आणले आणि मग डॅशबोर्डवर हळूहळू खटक्यांची गर्दी झाली. पण ते दिसायचे कसे? दिवसा डोळ्यांनी आणि रात्री सवयीने! गाडी स्वतःची असेल तर सवय पुरते. दुसऱ्याची असेल तर देवाचं नाव घ्यायचं.

सवयीवर भागत नाही हे मोटारीच्या आधी विमानाने शिकवलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ बाँबर विमानांचे पायलट एक विचित्र चूक करत होते. व्यवस्थित लँडिंग करायचे आणि जमिनीवर आल्यावर पंखांचे फ्लॅप्स आत घ्यायच्या ऐवजी चाकंच आत घ्यायचे! विमान पोटावर. सगळे म्हणाले, पायलट निष्काळजी. अल्फान्स चापानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिलं, तर दोन्ही खटके शेजारी शेजारी आणि अगदी सारखे. त्याचा उपाय असा की चाकांच्या खटक्यावर एक छोटं चाक बसवायचं आणि फ्लॅपच्या खटक्यावर पाचरीसारखा तुकडा. म्हणजे न बघता, नुसत्या बोटांना कळेल. पुढे १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी अशा ४६० चुका गोळा करून मांडल्या. ज्याला आपण पायलटची चूक म्हणतो ती पुष्कळदा खटका बनवणाऱ्याची असते, हे त्यातून दिसलं. (आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांनी ‘युजर एरर’ म्हणण्याआधी हे रोज एकदा वाचावं.)

चारही बटणं सारखी, न बघता कळत नाहीत... ओळखीचं वाटतंय ना?

याच युद्धात उजेडाचाही प्रश्न आला. काळोखात आपल्या डोळ्यांतल्या दंडपेशी काम करतात, पण त्यांना पूर्ण तयार व्हायला साधारण अर्धा तास लागतो. मध्येच पांढरा उजेड पडला की केलेली तयारी वाया. लाल रंग मात्र या पेशींना फारसा जाणवत नाही. म्हणून रात्री उड्डाण करणाऱ्या पायलटांना आधी लाल चष्मे घालून बसवू लागले आणि कॉकपिटमध्ये लाल उजेड आला. मोटारींत बऱ्याच कंपन्यांनी हिरवा घेतला. त्याचं लॉजिक वेगळं: अंधारात डोळा हिरव्या-निळसर रंगाला सगळ्यात तिखट असतो, त्यामुळे अगदी मंद दिवाही पुरतो. मुद्दा दोन्हीकडे एकच. खटक्यातला दिवा उजेड पाडायला नसतोच. ‘मी इथे आहे’ एवढंच सांगून त्याने गप्प बसायचं असतं.

मोटारींच्या बाबतीत हे कायद्यात यायला साठचं दशक उजाडलं. १९६५ मध्ये राल्फ नेडरचं ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ आलं, १९६६ मध्ये अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६८ पासून जे सुरक्षा नियम लागू झाले, त्यांच्या यादीत अगदी वरच्या क्रमांकाचा, १०१ वा नियम याच विषयाचा होता: खटके कुठे असावेत आणि कसे ओळखू यावेत.

आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं? गंमत अशी की आपल्याकडे मोटार आणि विमान यांचं मूळ एकाच माणसापाशी जातं. सोलापूरचे वालचंद हिराचंद. १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट त्यांनीच सुरू केली आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सही. म्हणजे पुढे ज्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडली तोही त्यांचाच. विमानांची कंपनी सरकारकडे गेली. १९६२ मध्ये मिग-२१ साठी सोव्हिएत रशियाशी करार झाला, ती विमानं बनवायला १९६३ मध्ये वेगळी सरकारी कंपनी निघाली आणि १ ऑक्टोबर १९६४ ला दोन्ही एकत्र होऊन एचएएल झाली. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी वाटणी होती. तेव्हा संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण, आणि १९६३ मध्ये ते लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते ते नाशिकमधूनच. द्राक्षांच्या आणि कांद्याच्या गावात आवाजापेक्षा वेगाने उडणारी विमानं बनायला लागली ती अशी.

पण ओझरला विमानं नुसती बनत नाहीत, ओव्हरहॉलही होतात. आणि बाबांचा जन्म गेला तो याच कामात. ओव्हरहॉल म्हणजे रिपेअर नव्हे. विमानातल्या भागांना तासांचं आणि वर्षांचं आयुष्य ठरवून दिलेलं असतं. दोन्हीपैकी जे आधी संपेल तेव्हा भाग उतरवायचा, मग तो ठणठणीत चालत का असेना. रस्त्यावर गाडी बंद पडली तर बाजूला घेता येते. आकाशात बाजू नसते.

आता कळलं एकाला चार का? चारही दिवे एकाच पार्किंग लाइटच्या सर्किटवर. गाडीचे दिवे लागले की चारही लागतात, म्हणजे चौघांचं वय तासाला तास सारखं. एक गेला म्हणजे उरलेले तिघं रांगेत उभे आहेत.

शनिवारी सकाळी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बसलो. मी स्क्रूड्रायव्हर घेतला, बाबांनी काढून घेतला आणि जुन्या टूथब्रशचा घासून चपटा केलेला दांडा हातात दिला. पंचवीस वर्षं ऊन खाल्लेलं प्लॅस्टिक, लोखंड लावलं की कडकन तुटतं. पॅनल सुटलं, मागचा कनेक्टर काढला. बटणाच्या पाठीला एक छोटा होल्डर असतो, पाव फेरा फिरवला की बाहेर येतो. त्यात गव्हाच्या दाण्याएवढा बल्ब आणि त्यावर हिरव्या रबराची टोपी. हो, उजेड हिरवा दिसतो तो या टोपीमुळे! बल्ब साधाच. टोपी उष्णतेने कडक झालेली असते, ती हलक्या हाताने काढायची, कारण ती सुटी मिळणं कठीण.

मी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून १२ व्होल्टचे तसलेच बल्ब आणून ठेवले होते. बाबांनी हातात घेतले आणि परत दिले. जुन्या बल्बवर बारीक अक्षरात १४ व्होल्ट लिहिलं होतं. बॅटरी १२ ची, पण इंजिन चालू असताना चार्जिंग १४ च्या आसपास. एवढ्याने काय होतं? फिलामेंटच्या बल्बचा ठोकताळा असा की आयुष्य व्होल्टेजच्या साधारण बाराव्या घाताने घटतं. १४ भागिले १२ चा बारावा घात येतो सहाच्या वर. म्हणजे माझे बल्ब सहाव्या हिश्श्याच्या आयुष्यात गेले असते. इंजिनियरिंगची डिग्री माझ्याकडे, आणि गाडी काढून नाशिकला बल्ब बदलून आणायलाही मीच!

येताना मी एलईडीचा विषय काढला. एलईडीचा इतिहास आपल्या मिगएवढाच जुना आहे. १९०७ मध्ये हेन्री राउंडला कार्बोरंडमच्या खड्यात वीज सोडल्यावर उजेड दिसला होता, रशियात ओलेग लोसेवने विशीच्या दशकात त्यावर काम केलं, पण डोळ्यांना दिसणारा, वापरता येणारा लाल एलईडी निक होलोनियाकने केला १९६२ मध्ये. निळा यायला नव्वदचं दशक उजाडलं, आणि त्याला २०१४ चं नोबेल मिळालं. एलईडी जळत नाही, तापत नाही. मधे एक किलोओहमचा रेझिस्टर घातला की १४ व्होल्टवर जेमतेम ११ मिलीअँपियर घेतो. मग का नको?

बाबांनी डॅशबोर्डचा उजेड कमी-जास्त करायची चकती फिरवून दाखवली. जुन्या गाडीत हा सरळ तारेचा रेझिस्टन्स असतो. सगळ्या बल्बांचा करंट त्यातून जातो म्हणून उजेड कमी होतो. एलईडी इतका कमी करंट घेतो की चकती फिरवा नाहीतर फिरवू नका, त्याला पत्ताच नाही. घाटातल्या काळोखात ढणढणीत एलईडी डोळ्यांवर येणं हे न दिसणाऱ्या बटणाइतकंच वाईट. मुकाट्याने बल्ब घातले. वायरी होल्डरवर गुंडाळल्या, काळे पडलेले कॉन्टॅक्ट खोडरबराने घासले. एक बटण अडकत होतं ते उघडलं, तर आतली स्प्रिंग उडून सीटखाली. तासभर तीच शोधली. (टीप: बटण पारदर्शक पिशवीत हात घालून उघडावं. हे मला नंतर सांगण्यात आलं.)

आता नव्या गाड्यांत एलईडी सर्किट बोर्डवरच चिकटवलेला असतो, पाव फेऱ्याचा होल्डर नाही. कारण तो जाणारच नाही असं गृहीत आहे. आणि बऱ्याच गाड्यांत तर बटणच नाही, सगळं टचस्क्रीनवर. म्हणजे बोटांना काहीच कळत नाही, बघावंच लागतं. चापानिसने हे पाहिलं असतं तर कपाळावर हात मारला असता. युरोपच्या एनकॅपने २०२६ पासून इंडिकेटर, हॅझर्ड, वायपर, हॉर्न अशा मोजक्या गोष्टींना खरं बटण नसेल तर गुण कापायचे ठरवलं, ते उगाच नाही.

२६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ निवृत्त झालं, हवाई दलात ६२ वर्षं काढून. बाबांनी तो सोहळा टीव्हीवर बघितला आणि काहीच बोलले नाहीत. पुढच्याच महिन्यात ओझरला बनलेलं पहिलं तेजस उडालं.

त्या शनिवारी संध्याकाळी आम्ही अंधार पडायची वाट बघत गाडीत बसलो होतो. दिवे लावले. चार हिरवे ठिपके. बाबांनी चकती फिरवून पार मंद केले आणि म्हणाले, "आता डोळे मीट आणि एसी लाव." लावला. पहिल्याच फटक्यात. मग डायरी काढून त्यांनी तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवले, पुढच्या वेळेसाठी.

असो. सोमवारी ऑफिसला गेल्यावर आधी बॅकलॉग उघडला. दोन वर्षं लो प्रायॉरिटीत पडलेल्या सात गोष्टी निघाल्या. :)